नावाने हाक

परळला फिजिओथेरपी शिकणारी ती पोरगी माझ्या नवऱ्याला चक्क नावाने हाक मारायची. "भिकाजी, माझ्याकडे बघा!" संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात मांडीत गोळी घुसल्यापासून ह्यांचं पाऊल उचलत नव्हतं, तिने बोलावलं की मात्र हसत पुढे सरकायचे. ह्यांची काठी धरून मी तिच्यामागच्या बाकड्यावर जळत बसायचे. ते नाव मी लग्नातल्या उखाण्यातच घेतलेलं. आज तिची परीक्षा. मोठ्या डॉक्टरांसमोर ह्यांना काठीशिवाय चालवायचं. तिने हाक मारली. हे थिजले. पुन्हा मारली, रडवेल्या आवाजात. मला बरं वाटलं. मग ह्यांचे गुडघे लटपटताना दिसले. "भिकाजी!" मी ओरडले. "इकडे या!" ह्यांनी चमकून वर पाहिलं आणि तिला मागे टाकून हे चालत माझ्यापर्यंत आले. पोरगी पास झाली. काठी तिच्या हातात ठेवून म्हटलं, "ही तुला. हाका मारायला आता मी आहे."