एकोणनव्वद सालचे बूट

दुबईतल्या अल बर्शाच्या फ्लॅटमध्ये अफनान कॉलेजच्या एटीज पार्टीसाठी नटून उभा होता. ढगळ पॅन्ट, पिवळ्या हसऱ्या चेहऱ्याचा टी-शर्ट आणि हातात घोट्यापर्यंतचे जुने स्नीकर्स. रत्नागिरीहून व्हिजिटवर आलेल्या अबरारचाचांनी ते खास त्याच्यासाठी बॅगेतून आणले होते. चाचा सोफ्यावर बसले होते, घरातही काळा गॉगल लावून. ती त्यांची स्टाईल आहे, असं अफनानला वाटायचं.

तय्यब ऑफिसमधून आला आणि मुलाला बघून दारातच पेटला.

"हे सोंग घेऊन नाचायला चाललास? खानदानाची इज्जत घालवायला?"

"चिल, अब्बा. इट्स जस्ट अ पार्टी."

तय्यबने त्याच्या हातातला एक बूट हिसकावला आणि त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फुटला, टी-शर्टवरच्या हसऱ्या चेहऱ्यावर रक्त ठिबकलं. दुसरा फटका कानशिलात बसला. तिसऱ्या फटक्याला सोलच फुटला आणि त्याचा भुगा गालिच्यावर सांडला. तय्यबच्या हातात नुसतं कातडं उरलं.

"छत्तीस वर्षांत सडला तो," चाचा शांतपणे म्हणाले. "एकोणनव्वद साली मी असाच नटलो होतो, तेव्हा आपल्या अब्बांनी हाच बूट उचलला होता. सोल कडक होता."

त्यांनी गॉगल काढला. डाव्या डोळ्याच्या जागी नुसती खाच होती.

"पोराचं नशीब बघ, भाई. याचे हात मागून धरायला थोरला भाऊ नव्हता."