डाव्या पेडलचं लाकूड

"नऊशे," फेर्डी म्हणाला आणि कापडाने हात पुसू लागला. "त्यावर एक युरो नाही."

डिक्समुडेहून आगगाडीने आणलेली सायकल झुल्माने औडेनार्देच्या स्टेशनापासून दगडी रस्त्यावरून ढकलत त्याच्या सायकलच्या दुकानात आणली होती. बाई इतकी ठेंगणी, की सायकलची सीट तिच्या छातीशी लागत होती. काळा कोट, काळे हातमोजे आणि पोटाशी घट्ट धरलेली पिशवी.

"सायकल वाईट नाही, बाई," फेर्डी म्हणाला. "पण हिला फार हात लागलाय. ब्रेकच्या दांड्यांना भोकं पाडलीत, हँडल दोन्हीकडून कापलंय. आणि डाव्या पेडलवर हे लाकूड कसलं? जुन्या वस्तू घेणाऱ्याला सायकल दुकानातून निघाली तशीच लागते."

"नासपतीचं लाकूड आहे. वर कातडं. डावा पाय बोटभर आखूड, शर्यतीत पडल्यापासून. लाकूड झिजलं की नवं करायचं, तेही स्वतःच्या हाताने. दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत."

"कोण?"

"आमचे सिरिल. सिरिल बोकार्ट."

फेर्डीच्या हातातलं कापड थांबलं. त्याने वाकून दांडीवरची पुसट अक्षरं वाचली. बापाच्या खांद्यावर बसून त्याने सिरिल बोकार्टला पाहिलं होतं. जत्रेच्या सत्तावीस शर्यती जिंकलेला गडी. एकदा तर बक्षिसाचं अख्खं डुकराचं तंगडं खांद्यावर टाकून तसाच सायकलवरून घरी गेला होता.

फेर्डीने बाईच्या काळ्या कोटाकडे पाहिलं. मग हातमोज्यांकडे. आपोआप टोपी काढली गेली.

"कधी?" त्याने हळूच विचारलं.

"नोव्हेंबरात थांबलं सगळं."

"अचानक?"

"नाही. छातीचं जुनं दुखणं. डॉक्टर म्हणाले, आता पुरे."

"पेपरात काही वाचलं नाही मी."

"दिलं नव्हतं."

"आणि आता... कुठे?"

"घरीच. खिडकीपाशी जागा केली आहे. बाग दिसते तिथून."

फेर्डीने मान हलवली. हल्ली बरेच लोक अस्थी घरीच ठेवतात. त्याने बाईला खुर्ची दिली, कॉफी दिली, बशीत दोन बिस्किटं ठेवली. मग सायकलभोवती पुन्हा एक फेरी मारली, या वेळी सावकाश.

"मग गोष्ट वेगळी झाली," तो म्हणाला. "सिरिल असते तर ही नऊशेचीच. जिवंत माणसाची खोड म्हणजे नुसती खोड. गेलेल्याची म्हणजे इतिहास. आता ही भोकं, हे हँडल, हे लाकूड, सगळ्याला भाव आहे."

"मेलेल्या माणसाला इतका भाव?"

"जग तसंच आहे, बाई."

तो आत गेला आणि कोर्त्राइकच्या एका दातांच्या डॉक्टरला फोन लावला. हा डॉक्टर मेलेल्या शर्यतवाल्यांच्या सायकली भिंतीवर टांगत असे. पलीकडून साडेचार हजारांना होकार आला. फेर्डी बाहेर आला तो गंभीर चेहऱ्याने.

"दोन हजार देतो."

झुल्माने बिस्कीट कॉफीत बुडवलं. "पैसे नकोत. ती द्या." तिने काचेपलीकडच्या रुपेरी सायकलकडे बोट केलं. बॅटरीवर चालणारी. चिठ्ठीवर दोन हजार नऊशे पन्नास.

"दोन हजार चारशे देतो आणि विषय संपवू."

"विषय तीच सायकल आहे. आमच्याकडे चढ नाही, पण समुद्राचा वारा आहे. म्हातारी छाती त्या वाऱ्यापुढे टिकत नाही. अख्खा हिवाळा खुर्चीत गेला. बसून बसून माणूस कुजतं हो. आज सायकल मिळाली नाही, तर उन्हाळाही त्या खुर्चीतच जायचा."

"अहो, मला पण पोट आहे."

"दिसतंय ते," झुल्मा म्हणाली.

फेर्डीला हसू आलं. साडेचारातून तीन गेले तरी दीड उरत होते. "बरं, न्या. पण सिरिलनी हे पाहिलं असतं तर? हे जुने शर्यतवाले म्हणतात, बॅटरीवर बसण्यापेक्षा शवपेटीत झोपू."

"अगदी हेच शब्द त्यांचे. कितीदा ऐकले मी."

"त्यांच्या नावाचं श्रद्धांजलीचं कार्ड असेल ना? फोटो आणि तारखांचं? माझं गिऱ्हाईक मागेल."

"छापलेलं नाही अजून."

"मग एक कागद लिहून द्या." त्याने स्वतःच लिहिलं, की ही सायकल सिरिल बोकार्ट यांची असून पेडलचं लाकूड त्यांच्या हातचं आहे. झुल्माने तो दोनदा वाचला. एकही शब्द बदलायला सांगितला नाही. हातमोजा काढून सही केली, आणि कागद फेर्डीच्या गल्ल्यात गेला.

जुनी सायकल भिंतीला लागली. रुपेरी सायकल काचेबाहेर आली. फेर्डी पाना घेऊन गुडघ्यावर बसला.

"सीट पार खाली घेतो. नाहीतर तुमचे पाय लटकतील."

"खाली नको. वर घ्या." तिने हात आडवा धरून उंची दाखवली. थेट स्वतःच्या छातीपाशी.

"अहो बाई, तिथे चढायला तुम्हाला शिडी लागेल."

झुल्माने पिशवी उघडली. कागदी रुमालात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. नासपतीच्या लाकडाचा तुकडा. बोटभर जाड, वर कातडं.

"हे डाव्या पेडलवर बसवा," ती म्हणाली. "जरा जपून."

फेर्डीने तो तुकडा उलटून पाहिला. कातड्याच्या कडेला त्याचा अंगठा चिकटला. गोंद अजून ओला होता.