पाइजोची कात

पाइजो मरायला टेकलाय, याबद्दल मुर्नियातीला शंकाच उरली नव्हती. काल हिरवागार असलेला सरडा आज राखेसारखा दिसत होता. पाठीवरची कातडी जुन्या चुन्यासारखी सुटत होती. डोक्यावरचा तुरा पांढराफटक. पुढ्यात सोडलेले रातकिडे पायावरून चालत गेले तरी त्याची जीभ हलेना. मधूनच तो फांदीवर अंग असं घासायचा, की जणू स्वतःलाच सोलून काढतोय. बेशुद्ध माणसाच्या तोंडावर मारतात तसं तिनं बाटलीभर पाणी त्याच्यावर मारून पाहिलं. तो फुगला आणि तिच्यावरच फिसकारला.

"अरे, मरताना तरी नीट वाग," ती म्हणाली. 

तिची भीती पाइजोसाठी नव्हती. पाइजो वेनिंगचा होता, आणि वेनिंग तिची सून. मुलगा गालिह दूर कालिमांतानच्या खाणीत कामाला, वर्षातून दोनदा उगवायचा. जावा बेटावरच्या मलांग शहरातल्या त्या गल्लीत दोघीच राहायच्या. सासूसुनेचं भांडण असं कधी झालं नव्हतं; भांडायला आधी बोलावं लागतं. "जेवलीस?" "हो, आई." एवढ्यावर संसार चालला होता. वेनिंग बोलायची ती पाइजोशी. सकाळ-संध्याकाळ त्याच्या पानांवर पाणी फवारताना ती त्याला सगळं सांगायची, आणि मुर्नियाती स्वयंपाकघरात तेंपेच्या, सोयाबीनच्या वड्या तळता तळता कान लावायची. सुनेची खबरबात तिला मिळायची ती अशी, सरड्याचं उष्टं.

त्यात तिची स्वतःची जीभ. वेनिंग भावाच्या लग्नाला ब्लितारला निघाली, तेव्हा शेजारणींच्या देखत मुर्नियाती बोलून गेली होती, "खुशाल जा. सरडा मेलाच तर घरात एक तोंड कमी." सगळ्या हसल्या. वेनिंग तेवढी हसली नव्हती. आणि ती आज दुपारनंतर परतणार होती.

मुर्नियातीनं पेचेलची, शेंगदाण्याच्या चटणीतल्या उकडल्या भाज्यांची गाडी अर्ध्यावर आवरली, मोबाइलमध्ये पाइजोचा धडधाकट दिवसांतला फोटो शोधला आणि मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून पक्ष्यांचा बाजार गाठला.

"अस्साच हवा," तिनं फोटो पुढे केला. "तुरा एवढाच. पट्टे इथंच."

विक्रेत्यानं फोटो पाहिला, मग तिला. "मावशी, सरडा बघताय की जावई?"

"बडबड नको. आहे का?"

होता. परतताना खोका मांडीवर धरून ती रस्ताभर अल्लाहची माफी मागत होती, आणि त्याच दमात खोक्याला बजावत होती, "तुझं नाव पाइजो. विसरायचं नाही."

घरी येऊन तिनं पिंजऱ्यासमोरचा पडदा सारला आणि तिथंच खिळली. फांदीवर पाइजो बसला होता. नुकत्याच धुतलेल्या केळीच्या पानासारखा हिरवा, पिवळे पट्टे लखलखीत. खाली पांढऱ्या चिंध्यांचा खच. तिच्या डोळ्यांदेखत त्यानं जीभ फेकली आणि रातकिडा गट्ट केला.

साप कात टाकतो हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. सरडाही टाकतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारी घरातच होती, पण तिला काही विचारायची सवय नव्हती.

तेवढ्यात खोक्यातल्यानं डोकं वर काढलं. दोघांनी एकमेकांना पाहिलं. दोघेही फुगले, दोघेही काळेठिक्कर पडले. "मेल्यांनो, आता नको," म्हणत मुर्नियातीनं नव्याला उचललं, मागच्या मोरीजवळ ठेवलेल्या कपड्यांच्या टोपलीत सोडलं आणि वर झाकण दाबलं. फाटक वाजलंच.

वेनिंग पिशवी खांद्यावर तशीच ठेवून आधी पिंजऱ्याकडे गेली.

"आई, यानं कात टाकली? आणि एवढी साफ? माझ्याकडं तर पायाला चिकटून बसते. पाणी मारलंत तुम्ही?"

"मारलं की," मुर्नियाती म्हणाली. खोटं नव्हतं.

वेनिंग तिच्याकडे बघून चक्क हसली. मग लग्नातले घामेजलेले कपडे टोपलीत टाकायला मोरीकडे गेली. मुर्नियातीच्या तोंडून शब्द फुटायच्या आत झाकण उघडल्याचा आवाज आला.

 मुर्नियाती हळूहळू मागे गेली. वेनिंग टोपलीपुढे उकिडवी बसली होती.

"मला वाटलं, मेलाच तो," मुर्नियाती म्हणाली. "मी त्या दिवशी तसं बोलले होते. तुला वाटलं असतं, मीच काहीतरी केलं. म्हणून मग बाजारात गेले. तुला कळू द्यायचं नव्हतं, वेनिंग. दुसरा आणून ठेवणार होते."

वेनिंग वर बघेना. टोपलीतल्या सरड्याचा एक डोळा तिच्याकडे होता, एक सासूकडे.

"हा दुसरा नाही, आई," ती म्हणाली. "तिसरा आहे."

"म्हणजे?"

"पहिला पाइजो ईदच्या आधीच गेला. तुम्ही काय म्हणाल या धास्तीनं मी त्याच बाजारातून हा पिंजऱ्यातला आणला. आणि रडले ती नळ सोडून. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून."

 गुडघ्यांवर हात टेकत मुर्नियाती सुनेशेजारी ओल्या फरशीवर खाली बसली.

"कसा गेला गं?" तिनं विचारलं.