रावसाहेबाचं नवं घर

"आता मी सांगतो ते कुणाला खरं वाटायचं न्हाय," ज्ञानदेव आबा म्हणाले, "पर अख्ख्या लासुर्ण्यात कोळ्याचं पुण्यानुमोदन घालणारा मी पयला माणूस."

मोनालीच्या हातातला चहाचा कप तसाच थांबला. संघपालनं कोपऱ्यातल्या रिकाम्या काचेच्या पेटीकडं बघितलं. नांदेडहून एसटीनं येऊन नवरा-बायको नुकतीच ओसरीवर टेकली होती. त्यांची लेक साक्षी केव्हाच शेजारी छबूबाईआत्याकडं पळाली होती. तिच्या कपड्यांची बॅग तेवढी खांबाशी पडून होती.

"रावसाहेब गेला?" संघपालनं विचारलं.

"गेला. पर गेला कसा, ते ऐक."

रावसाहेब म्हणजे संघपालनं कालव्याच्या भरावावरून धरून आणलेला, तळहाताएवढा केसाळ कोळी. नांदेडच्या कॉलेजात नोकरी लागली, पण घरमालक कोळी ठेवू देईना. मग त्यानं तो बरणीसकट बापाच्या, आबांच्या हवाली केला.

साक्षीचं बोलणंही तेव्हाच निघालं होतं. मोनालीला दवाखान्यात पाळ्या, पोरीकडं बघायला कुणी नाही. "माझ्याकडं ठेवा की," आबा म्हणाले होते. बायको, लक्ष्मीबाई, गेल्यापासून घर त्यांना खायला उठत होतं. मोनालीनं विषय बदलला. आबा चुलीवर दूध ठेवून पारावर गप्पा मारायला जाणारे, हे तिला ठाऊक होतं. संघपालच म्हणाला, "आधी हा जीव सांभाळून दाखवा, आबा. मग तिला ठेवू." तो हसत म्हणाला होता. आबांनी ते हसण्यावारी नेलं नव्हतं.

"ह्याच्यापायी मी या वयात उसाच्या सऱ्या पालथ्या घातल्या," आबा सांगत होते. "टोळ धराया. दत्तोबा म्हणतो, आबा, ऊस आमचा हाय. म्हणलं, ऊस तुझा, टोळ रावसाहेबाचं. चिमट्यानं भरवायचो. नंतर नंतर तर हाक मारली की काचंवर पाय टेकून उभा!"

"हाकेला?" मोनाली हसली.

"इचार छबूला! मी पेपर वाचाया लागलो की कान दिऊन ऐकायचा. निवडणुकीची बातमी आली की पाठ फिरवायचा. गल्लीत केबल आलीया, तरी पोरं सांजच्याला हितंच."

"कोळ्याला कान नसतात, आबा."

"ह्याला व्हते."

मोनालीनं हसतहसत बॅगेची चेन उघडली आणि साक्षीचे फ्रॉक काढून खाटेवर ठेवायला लागली. आबांनी ते बघितलं. त्यांचा आवाज चढला.

"तू म्हणला व्हतास, बरणी लहान पडतीया. म्हणून बारामतीच्या फोटोफ्रेमवाल्याकडनं ही पेटी करून आणली. वर जाळीचं झाकण. आत भरावावरचीच माती, लपाया करवंटी, पाण्याला बाटलीचं टोपण. पर तवर गड्यानं अन्न सोडलं."

"सोडलं म्हणजे?"

"टोळ पुढ्यात नाचला तरी बघंना. म्हयनाभर. मागनं काळा ठिक्कर पडला, बुटाला पालिश केल्यागत. तुझ्या आठवणीनं झुरला, दुसरं काय!"

संघपालनं कप खाली ठेवला. तो पेटीकडं बघायला लागला.

"हलवायच्या दिवशी सकाळी स्टीलचा गिलास घेतला, जाड पुठ्ठा घेतला. छबू म्हणती, मी लांबनंच बघती. बरणी उघडली..." इतका वेळ सरसर बोलणारे आबा पहिल्यांदाच अडखळले. "रातीतनं रेशमाची गादी इणली व्हती त्यानं. त्या गादीवर निजला व्हता. उताणा. आठी पाय वर, वंदनेला जोडल्यागत. माणसाला एवढं शांत मरण येत न्हाय, पोरा."

आबांनी रिकाम्या पेटीकडं बघितलं.

"नव्या घरात एक दिस तरी राह्यला असता. पेटी आदी आणाया पायजे व्हती. तेवढी एक चुटपुट लागून राह्यली बघ."

"मग?" मोनालीनं हलकेच विचारलं.

"गादीसकट उचलला. लिंबाखाली खड्डा घेतला. मेणबत्ती लावली. त्रिसरण झालं, पर पंचशीलातलं पयलंच, जीवहत्या न करायचं शील म्हणताना मधीच थांबलो. कुत्र्यानं उकरू नये म्हणून माती पायानं घट्ट दाबली, वर फरशी ठिवली. गल्लीला खीर घातली. हेळसांड केली न्हाय मी त्याची. कुणालाबी इचार."

मोनालीचे डोळे भरून आले. "आबा, एवढं तर माणसांचंही कुणी करत नाही," ती म्हणाली. साक्षीची गोधडी तिनं आबांच्या खाटेवर, त्यांच्या उशीशेजारी ठेवली.

आबांनी उपरण्यानं डोळे टिपले. गोधडीकडं बघून त्यांना बरं वाटलं.

"उचलताना पाय हलत होते?" संघपालनं विचारलं. तो अजून पेटीकडंच बघत होता.

"वाईच. सावकाश. जीव जाताना हलणारच की."

"तुम्ही तो मेला म्हणताय, आबा."

"मग? माझ्या हातानं मूठमाती दिली मी."

"मेलेला कोळी पाय पोटाशी मुडपून पडतो," संघपाल म्हणाला. "उताणा पडतो तो कात टाकताना."