बंबाचा धूर

भागाबाईंना ऐकू कमी यायचं, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. रोज सकाळी त्यांनी अंगणातला बंब पेटवला, की समोरचे पंडितनाना धूर बघून त्यांच्या मुलाला, भूषणला, पुण्याला कळवायचे, "तुनी माय उठनी रे भाऊ."

यंदा धरणगावात कडाक्याची थंडी पडली. म्हातारीनं गारठ्यात काटक्या फुंकत बसू नये म्हणून भूषण सुट्टी काढून आला. त्यानं न्हाणीत गिझर बसवला, बंब पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला आणि निश्चिंत मनानं परत गेला.

 

वास यायला लागला म्हणून गल्लीतल्यांनी दार तोडलं, तेव्हा पंडितनाना फोनवर रडत भूषणला सांगत होते, "इतला दिन धूर निंघना नही, तरी माले काही वाटनं नही रे. आते गिझर शे ना!"