पालक उजवीकडे

"मावशी, पालक उजवीकडे."

पिवळ्या टी-शर्टातल्या मुलीने टेलरबाईकडे नीट पाहिलंही नाही. 'पालक' असं छापलेली पट्टी तिच्या गळ्यात अडकवली, हातात एक कोरा कागद आणि पाकीट दिलं, आणि मुलगी पुढच्या माणसाकडे वळली. टेलरबाईने प्रवेशाचं पत्र फाइलमधून अर्धं बाहेर काढलं होतं. मागे रांग वाढत होती, कुणाची तरी बॅग पोटरीला टोचत होती. छप्पन वर्षांची, शाळांचे युनिफॉर्म शिवण्यात उभी हयात घालवलेली बाई 'अहो, विद्यार्थिनी मीच आहे' हे एवढ्या गर्दीत ओरडून कसं सांगणार? तिने पत्र परत आत सरकवलं आणि उजवीकडे गेली.

विद्यापीठाच्या त्या हॉलमध्ये सगळे आईबाप होते. कुणी मुलाची उशी मांडीवर घेऊन बसलेलं, कुणी खिडकीशी उभं राहून डोळे पुसत होतं. भिंतीपलीकडे नवे विद्यार्थी. तिथे एकेक जण उठून नाव सांगत असावा. दर थोड्या वेळाने टाळ्या ऐकू येत होत्या.

शेजारच्या खुर्चीत एक ट्रकड्रायव्हर बसला होता. खुर्ची त्याला अपुरी पडत होती.

"ताई, तुमचं कोण?" त्याने विचारलं.

"मुलगी," ती म्हणून गेली. तोंडातून निघालं ते निघालं.

"माझा पोरगा. काय घेतलंय मुलीने?"

"इतिहास."

"एकुलती?"

"हो."

"मग आता घर खायला उठेल तुम्हाला."

"उठतंच आहे," टेलरबाई म्हणाली. एवढं मात्र खरं होतं.

विद्यार्थ्यांचं सगळं बघणाऱ्या प्राध्यापिका माइकपाशी आल्या. "पहिल्या महिन्यात मुलं रडतील," त्या म्हणाल्या. "तुम्हीही रडाल. फक्त दोघांनी एकाच फोनवर रडू नका." हॉल हसला. मग त्यांनी कागदाचं काम सांगितलं. प्रत्येकाने आपल्या मुलाला पत्र लिहायचं. समोरासमोर जे बोलता येत नाही ते. पाकिटावर मुलाचं पूर्ण नाव. दोन महिन्यांनी, पहिल्या परीक्षेच्या तोंडावर मुलं खचतात, सामान बांधायला लागतात. तेव्हा ही पाकिटं त्यांच्या हातात पडतील.

हॉल एकदम शांत झाला. एवढी मोठी माणसं परीक्षेला बसल्यासारखी वाकली.

आता उठावं, टेलरबाईला वाटलं. हळूच बाहेर पडावं, पलीकडच्या दारातून आत शिरावं. कुणाचं लक्षही जाणार नाही. पण तिने फाइल मांडीवर आडवी ठेवली आणि पेन उघडलं. वरच्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं.

ते नाव तिला परक्या बाईचं वाटलं. आई गेल्याला सहा महिने झाले होते. तेव्हापासून त्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती. गिऱ्हाइकं मावशी म्हणायची, नाहीतर दुकानात डोकावून नुसतं, 'आहे का कुणी?'

"ताई," ड्रायव्हर कुजबुजला. "मी 'जेवत जा' लिहिलंय. पुढे काय लिहू?"

"वर त्याचं नाव लिहिलंत?"

"नाही."

"आधी ते लिहा. हाक मारल्याशिवाय कसं बोलणार?"

त्याने मान डोलावली आणि शाळेतल्या पोरासारखी जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढू लागला.

तिनेही लिहायला घेतलं. आधी अडखळत, मग भरभर.

'पहिल्या बाकावर बस. मागून फळा दिसणार नाही, उगाच चष्म्याला दोष देशील. मुलं मावशी म्हणतील, मनावर घेऊ नकोस. नाही समजलं तर विचार. गिऱ्हाइकाला माप दोनदा विचारताना कधी लाजली नाहीस. दोन महिन्यांत वाटेल, आपलं मशीनच बरं. परत जाऊ नकोस. संध्याकाळी कुलूप उघडून आत गेलीस की आज काय शिकवलं ते मोठ्याने सांगत जा. घरात ऐकायला कुणी नसलं तरी सांग.'

शेवटी सही कुणाची करायची, इथे तिचं पेन थांबलं. 'तुझी' एवढंच लिहिलं आणि कागदाची घडी केली. सवयीने नख फिरवून घडी बसवली, कागद पाकिटात घातला आणि वर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

भिंतीपलीकडे पुन्हा टाळ्या झाल्या. आधीपेक्षा कमी. नावं सांगणारे संपत आले असावेत.

ती उठली. ड्रायव्हर अजून लिहीत होता. त्याचा कागद अर्धा भरला होता आणि त्याला आता कुणाची गरज नव्हती.

दारात तीच पिवळ्या टी-शर्टातली मुलगी पाकिटं गोळा करत होती. तिने टेलरबाईचं पाकीट घेतलं, यादीत नाव शोधलं, खूण केली. मग हसून म्हणाली, "मावशी, मुलीचं नाव अगदी जुन्या वळणाचं ठेवलंत हो. हल्ली कुणाचं ऐकू येत नाही."

"मी नाही ठेवलं," टेलरबाई म्हणाली. "माझ्या आईने ठेवलंय."

मुलीचा हात पाकिटावरच राहिला. तिने यादी पाहिली, मग टेलरबाईकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं.

टेलरबाईने डावीकडच्या दाराकडे बोट केलं.

"उशिरा आलेल्यांना आत घेतात ना?"