गुणगुणण्याची परवानगी

"सही इथे." म्युझिक कंपनीच्या माणसाने कागदावर बोट ठेवलं.

मावशीने इस्त्री उभी केली, हात एप्रनला पुसले आणि चष्मा चढवला. हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींचा ढीग तिच्या कमरेपर्यंत आला होता. पण न वाचता सही करणाऱ्यांतली ती नव्हती.

भाची बाजूलाच उभी होती. तिने केलेल्या गाण्यात मावशीचं गुणगुणणं होतं. सात सेकंद, इस्त्रीच्या वाफेसकट, इथेच मोबाइलवर टिपलेलं. भाचीची दोन वर्षांची मेहनत आता या एका सहीवर अडली होती.

"'सदर सुरावट व आवाज, अखिल विश्वात, अनंत काळासाठी कंपनीच्या मालकीचा,'" मावशीने वाचलं. "अखिल विश्वात? चंद्रावर कोण ऐकणार आहे?"

"ती ठरलेली भाषा असते, बाई. सगळेच सही करतात."

"सूर माझा आहे. बावीस वर्षं इथे उभी राहून मीच गुणगुणतेय. उद्या आणखी कुणाला द्यावासा वाटला तर?"

"आमची परवानगी घ्यावी लागेल." मग तो मोठ्या मनाने म्हणाला, "घरात म्हणा की खुशाल. घरात कोण अडवतंय?"

मावशीला मिरच्या झोंबल्या. भाचीकडे बघायचं तिने टाळलं. बघितलं असतं तर सही झाली असती.

"हिला मी तो वापरायला दिलाय. देऊन टाकलेला नाही. तेवढं लिहून आणा, उभ्या उभ्या सही करते."

"मसुदा बदलत नाही."

"मग ते सात सेकंद मी काढून टाकते," भाची हळूच म्हणाली.

"आणि मग गाण्यात उरतं काय?" तो हसला. "आम्हाला तेच तर हवेत."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. पण भाचीने ऐकायचं ते ऐकलं होतं.

मावशीने इस्त्री उचलली. कागद माणसाच्या बॅगेत चुरगळला होता. त्याच्यावरून तिने ती सावकाश फिरवली, चादरीसारखी चौघडी केली आणि त्याच्या हातात ठेवली. सहीची जागा कोरीच होती.

"घ्या. सुरकुत्या काढून दिल्यात."

आता तिने धीर करून भाचीकडे पाहिलं. पोरीचे डोळे भरले होते. पोरीचं नुकसान आपणच केलं, हे मावशीला कळत होतं, आणि त्याचं तिला वाईटही वाटत होतं.

भाचीने पिशवीतून कंपनीने दिलेला आपला करार काढला. मावशीची सही झाली की आपली करायची, म्हणून सकाळपासून जपून ठेवलेला. तो तिने टेबलावर पसरला.

"मावशी, ह्याच्यावरूनही एक हात फिरव."

फुसकन वाफ निघाली. तिच्या मागोमाग, सवयीने, तो सूर. या वेळी दोघींच्या तोंडून, आणि जरा मोठ्यानेच.